अपडेटनंतर रुसलेला ब्राउझर
(नभोवाणीवरील भाषण)

ज्या विषयावर बोलण्यास मला आज पाचारण करण्यांत आलें आहे त्या विषयाचा मी पंडित नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यापुढचीं पस्तीस वर्षें मुलांना गणित व शास्त्र शिकविण्यांत गेलीं. संगणक माझ्या घरीं आला तो निवृत्तीच्या सुमारास. अशा माणसानें ब्राउझरच्या दुखण्यांविषयीं बोलावें, हें वैद्याऐवजीं रोग्यानेंच औषधोपचारावर व्याख्यान देण्यासारखें आहे. परंतु दुखणें सोसलेल्या माणसास अशा कांहीं गोष्टी ठाऊक झालेल्या असतात, कीं ज्या सांगण्याची वैद्यास कधीं आवश्यकताच वाटत नाहीं. तेवढ्या आधारावर मी हें धाडस करीत आहें.

ब्राउझर म्हणजे संगणकावरील ती खिडकी, कीं जींतून आपण बँकेचें, रेल्वेचें किंवा वर्तमानपत्राचें पान पाहतों. कोणी त्यास ‘न्याहाळक’ असा मराठी शब्द योजिला आहे व तो मला आवडतोहि. पण आमच्या घरांत माझ्याशिवाय तो कोणी उच्चारीत नाहीं, आणि चारचौघांत तो उच्चारण्याचें मींहि आतां सोडून दिलें आहे. तेव्हां आपण ब्राउझरच म्हणूं.

२०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्याची गोष्ट. निवृत्तिवेतन घेणाऱ्या मंडळींना नोव्हेंबर म्हटला कीं एकच काम आठवतें, तें म्हणजे हयातीचा दाखला. आपण अद्याप जिवंत आहों हें वर्षांतून एकदां सरकारास पटवून द्यावें लागतें. मीं माझा दाखला दिला होता. परंतु त्याची नोंद झाली कीं नाहीं हें बँकेच्या पानावर पाहावयाचें राहून गेलें होतें, आणि महिना संपावयास दोनच दिवस उरले होते. नोंद झालेली नसेल तर वेतन थांबणार. माझ्या पत्नीचीं मधुमेहाचीं औषधें त्या वेतनांतून येतात, म्हणून ही काळजी नुसत्या कागदाची नव्हती.

त्या रात्रीं पडद्यावर अपडेटची सूचना पुन्हां झळकली. दोन आठवडे मी ती पुढें ढकलीत होतों; त्या रात्रीं मात्र होकार दिला. अर्ध्या तासानें काम आटोपून संगणक बंद झाला, आणि मी भिंतीवरील बटणहि बंद करून निजावयास गेलों. एरवीं मी तें बटण बंद करीत नसें. हा बारीकसा तपशील आपण ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचें काम आहे.

सकाळीं ब्राउझर उघडून बँकेचा पत्ता घातला, तों पानाऐवजीं एक पांढरा पडदा, त्यावर एक खूण आणि चार ओळी इंग्रजी मजकूर! वर्तमानपत्राचें पान उघडून पाहिलें, तेंहि नाहीं. माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे: “कालच्या अपडेटनें घात केला.”

भाच्यास फोन लावला. तो परगांवीं, कामाच्या गडबडींत. “मामा, सगळा इतिहास पुसून टाका, म्हणजे चालूं होईल,” एवढें सांगून त्यानें फोन ठेवला. कोणत्या चौकटींत खूण करावी आणि कोणत्या चौकटीस हात लावूं नये, हें त्यानें सांगितलें नाहीं व मींहि विचारलें नाहीं. मीं सगळ्याच चौकटींत खुणा केल्या. तत्क्षणीं ब्राउझरनें माझ्यासाठीं जपून ठेवलेले सारे पासवर्ड नाहींसे झाले. विजेच्या बिलाचा, गॅसच्या नोंदणीचा, रेल्वेच्या तिकिटांचा. पान मात्र उघडलें नाहींच. मग चिडून मीं ब्राउझरच काढून टाकला. पुन्हां बसवावा म्हणून यंत्राबरोबर आलेला दुसरा ब्राउझर उघडला, तर त्यांतहि तोच पांढरा पडदा. ज्या पानावरून पहिला परत आणावयाचा तें पानहि उघडेना! घर दुरुस्त करावयास निघालेल्या माणसानें प्रथम जिनाच तोडून टाकावा, तशी माझी अवस्था झाली.

दुपारीं माझा एक जुना विद्यार्थी सहज भेटावयास आला. शाळेंत असतांना गणितांत बेताचाच होता. आतां संगणकदुरुस्तीचें दुकान चालवितो. यंत्रास हात लावण्यापूर्वीं त्यानें विचारलें, “गुरुजी, पडद्यावर लिहिलें आहे काय?”

“अरे, लिहिलें आहे कांहींतरी. सुरक्षित नाहीं म्हणतो.”

“म्हणजे आपण वाचलें नाहींत?”

मी गप्प बसलों. पस्तीस वर्षें प्रत्येक परीक्षेच्या आधीं या मुलांना मीं एकच गोष्ट बजावीत आलों होतों कीं, प्रश्न पुरता वाचल्याशिवाय लेखणी उचलूं नका. त्यानें तो मजकूर मोठ्यानें वाचला. आपल्या संगणकाचें घड्याळ मागें आहे, असें त्यांत स्वच्छ लिहिलेलें होतें. पडद्याच्या कोपऱ्यांत पाहिलें, तर तेथें कित्येक वर्षांपूर्वींच्या जानेवारीची पहिली तारीख!

संगणकाच्या पोटांत मुख्य पाटीवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. वीज नसतांनाहि घड्याळ चालूं ठेवणें हें त्याचें काम. तो कांहीं वर्षें टिकतो व मग निकामी होतो. माझा सेल केव्हांच संपलेला होता. परंतु भिंतीवरील बटण नेहमीं चालूं असे, मधून वीज गेली तरी इन्व्हर्टर असे, त्यामुळें घड्याळाचें काम बिनबोभाट चालत राहिलें. त्या रात्रीं अपडेटच्या निमित्तानें बटण बंद झालें आणि घड्याळ आपल्या आरंभींच्या तारखेस जाऊन बसलें. अपडेटकडे दोष जात असेल तर तो एवढाच, कीं त्यामुळें मला बटण बंद करण्याची बुद्धि झाली.

आपल्या शास्त्रकारांनीं यास काकतालीय न्याय म्हटलें आहे. ताडावर कावळा येऊन बसतो, त्याच क्षणीं फळ गळून पडतें, आणि पाहणारा म्हणतो कीं कावळ्यानें फळ पाडलें. आमच्या आजीच्या भाषेंत, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ. ‘नंतर’ घडलें म्हणजे ‘मुळें’ घडलें, अशी आपल्या मनाची ठेवण आहे. आणि अपडेट ही गोष्ट एवढी वारंवार घडते कीं प्रत्येक बिघाडाच्या आधीं कोठेंतरी एक अपडेट हटकून सांपडतेंच. मायक्रोसॉफ्टचीं सुरक्षेचीं अपडेटें २००३ पासून प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं येऊं लागलीं. क्रोम या ब्राउझरनें आपल्या नव्या आवृत्त्यांमधील अंतर २०२१ मध्यें सहा आठवड्यांवरून चारांवर आणलें. इतके कावळे बसत असतां फळ कोणत्या ना कोणत्या कावळ्याच्या पायाखालीं पडणारच.

आतां कोणी विचारील कीं, घड्याळ चुकलें तर चुको. त्यासाठीं बँकेचें पान कां बंद पडावें? याचें उत्तर कळलें तेव्हां माझें मलाच हसूं आलें. आपण ज्या पानाकडे जातों तें खरोखर त्या बँकेचेंच आहे, कोणा भामट्यानें उभें केलेलें नव्हे, याची खात्री ब्राउझर एका प्रमाणपत्रावरून करून घेतो. तें कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य हें त्यावर नमूद असतें. पूर्वीं हीं प्रमाणपत्रें दोन-तीन वर्षांच्या मुदतीचींहि असत. सप्टेंबर २०२० पासून, ३९८ दिवसांहून अधिक मुदतीचीं नवीं प्रमाणपत्रें प्रमुख ब्राउझर मानीतनासे झाले, आणि ही मुदत टप्प्याटप्प्यानें आणखी घटविण्याचें २०२५ मध्यें ठरलें. मुदतीची ही पडताळणी ब्राउझर आपल्याच संगणकाच्या घड्याळावरून करतो. माझ्या घड्याळाच्या हिशेबानें बँकेचें प्रमाणपत्र अजून जन्मासहि आलेलें नव्हतें! बँक माझ्याकडे हयातीचा दाखला मागत होती, माझा ब्राउझर बँकेकडे तिचा दाखला मागत होता, आणि दोघांच्या मध्यें एक संपलेला सेल आडवा पडला होता.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पांढऱ्या पडद्यावर पुष्कळदां ‘तरीहि पुढें जा’ अशा अर्थाची एक बारीक वाट ठेवलेली असते. घड्याळ बरोबर असूनहि बँकेच्या किंवा सरकारी पानावर तोच इशारा येत असेल, तर त्या वाटेनें जाऊं नये. अशा वेळीं ब्राउझर हट्टी नसतो. दारावरचा पहारेकरी आपलें काम करीत असतो.

माझ्यासारखी फसगत मोठमोठ्यांचीहि होऊं शकते, याचें एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. फायरफॉक्स या ब्राउझरची ९६ वी आवृत्ति ११ जानेवारी २०२२ रोजीं प्रसिद्ध झाली, आणि दोनच दिवसांनीं, १३ जानेवारीस, जगभर अनेकांच्या फायरफॉक्समध्यें एकहि पान उघडेना. संशय नव्या आवृत्तीवर जावा हें अगदीं साहजिक. तपासान्तीं निष्पन्न झालें तें निराळेंच. फायरफॉक्स आपल्या कांहीं कामांसाठीं ज्या दूरच्या सेवेशीं संधान बांधतो, त्या सेवेच्या बाजूस एक मांडणी बदलली गेली होती; त्या बदलामुळें ब्राउझरमध्यें आधींपासून निजलेला एक दोष जागा झाला आणि बिचारा घाण्याच्या बैलासारखा एकाच जागीं फिरत राहिला. नव्या आवृत्तीचा त्यांत अपराध नव्हता.

त्याच फायरफॉक्सची आणखी एक हकीकत माझ्या पुसापुशीशीं जुळते. ब्राउझरला आपण जीं लहानसहान उपांगें जोडतों, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. कोणी जाहिराती अडविण्यासाठीं जोडतो, कोणी शब्दकोशासाठीं. ४ मे २०१९ रोजीं, आपल्याकडे पहाट होत असतांना, लोकांच्या फायरफॉक्समधील हीं उपांगें एकाएकीं बंद पडलीं. कारण तेंच: त्यांच्या सचोटीची ग्वाही देणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती व तें वेळेवर बदलण्याचें राहून गेलें होतें. दुसऱ्याच दिवशीं सुधारलेली आवृत्ति आली. दरम्यान फायरफॉक्सच्या कर्त्यांना लोकांस मुद्दाम कळवावें लागलें कीं, उपांगें काढून पुन्हां बसवूं नका, कारण तीं काढलीं म्हणजे त्यांत सांठविलेली माहितीहि जाईल. एक दिवस स्वस्थ बसणाराचें कांहीं गेलें नाहीं. हें मीं आधीं वाचलें असतें, तर माझे पासवर्ड वांचले असते.

मग करावें काय? न्यायशास्त्र मीं शिकलेलों नाहीं. पण आमच्या संस्कृतच्या शिक्षकांनीं अन्वय आणि व्यतिरेक हे दोन शब्द मनावर बिंबविले होते. जेथें धूर तेथें अग्नि, हा अन्वय; जेथें अग्नि नाहीं तेथें धूरहि नाहीं, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तरच कारण सांपडलें असें समजावें. माझ्या विद्यार्थ्याला हे शब्द ठाऊक नाहींत, पण तो नेमकें हेंच करतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलतो, पाहतो, आणि गुण आला नाहीं तर ती पूर्ववत् करून मगच दुसरीस हात घालतो. मीं त्या सकाळीं तीन गोष्टी एकामागून एक बदलल्या आणि एकहि पूर्ववत् केली नाहीं.

तो प्रथम विचारतो कीं, एकच पान अडतें कीं सगळींच. एकच अडत असेल तर दोष बहुधा त्या पानाकडे, अथवा त्या पानाची जी जुनी नक्कल ब्राउझरनें आपल्याजवळ ठेवली आहे तिच्याकडे. सगळींच अडत असतील तर घरांतील मोबाइल त्याच वायफायवर ठेवून तेंच पान त्यावर उघडतें काय हें पाहावें. तेथेंहि उघडलें नाहीं, तर संगणक निर्दोष. दिवे लुकलुकणारी जी राउटरची पेटी असते ती बंद करून मिनिटभरानें चालूं करावी, आणि तेवढ्यानें न भागल्यास इंटरनेटवाल्यास बोलवावें. मोबाइलवर उघडतें पण संगणकावर नाहीं, असें असेल तर त्याच संगणकावरील दुसरा ब्राउझर पाहावा. दोन्ही ब्राउझर एकाच तऱ्हेनें अडले तर दोष दोघांपैकीं कोणांतहि नव्हे. तो दोघांच्या पायाखालच्या जमिनींत आहे. तेथें घड्याळ येतें, प्रत्येक पान मध्यें थांबवून तपासणारा अँटिव्हायरस येतो, आणि कोणीं तरी पूर्वीं भरून ठेवलेली प्रॉक्सीची नोंद येते. माझ्या दुसऱ्या ब्राउझरनें मला हीच गोष्ट ओरडून सांगितली होती. मीं ती ऐकली नाहीं.

दुसरा ब्राउझर सुरळीत चालतो आणि पहिलाच अडतो, तेव्हां मात्र पहिल्याकडे वळावें. येथें माझा विद्यार्थी एक फार सोपी युक्ति करतो. प्रत्येक ब्राउझरमध्यें खासगी खिडकी नांवाची एक सोय असते. क्रोम व एज यांत कंट्रोल, शिफ्ट आणि एन हीं तीन बटणें एकदम दाबलीं कीं ती उघडते. फायरफॉक्समध्यें एनऐवजीं पी. ही खिडकी जणुं कोऱ्या पाटीनें आरंभ करते. जुन्या कुकी तींत नसतात आणि उपांगेंहि, आपण मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर, तींत काम करीत नाहींत. अडलेलें पान तेथें उघडलें तर निम्में निदान झालें: दोष पानांत नाहीं, आपल्या ब्राउझरमध्यें सांठलेल्या कशांत तरी आहे. मग एकेक उपांग बंद करून पाहावें. क्रोमनें २०२४ व २०२५ या वर्षांत जुन्या पद्धतीचीं पुष्कळ उपांगें चालविण्याचेंच सोडून दिलें, तेव्हां एखादें नाहींसें झालेलें दिसल्यास आपल्या हातून कांहीं बिघडलें असें समजूं नये.

नक्कल ठेवण्याच्या या व्यवस्थेस कॅश म्हणतात. रोकड नव्हे, उच्चार तेवढा सारखा. पान प्रत्येक वेळीं दुरून आणावें लागूं नये म्हणून ब्राउझर चित्रें व इतर सामान घरींच ठेवतो. अपडेटनंतर ब्राउझर नवा आणि सामान जुनें अशी गल्लत कधीं कधीं होते. पान अर्धवट, वेडेंवांकडें दिसतें, बटणें दाबलीं जात नाहींत. यासाठीं सारा इतिहास पुसण्याचें कारण नाहीं. कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबलें कीं तेवढें एक पान नव्यानें आणलें जातें. तेवढ्यानें न भागल्यास पुसण्याच्या यादींत फक्त सांठविलेलीं चित्रें व फाइली यांपुढें खूण करावी. कुकी पुसल्या तर ठिकठिकाणीं पुन्हां पासवर्ड घालून आंत जावें लागतें. आणि पासवर्डांची चौकट, श्रोतेहो, त्या चौकटीपासून दूर राहावें.

आमच्या शेजारच्या इमारतींत एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. अपडेटनंतर त्यांच्या ब्राउझरची खिडकी काळीठिक्कर दिसूं लागली; माऊस फिरवावा तेथला तेवढा तुकडा उजळे व पुन्हां काळा होई. त्यांनीं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याची वेळ घेऊन ठेवली होती! येथें मात्र अपडेटचा संबंध खरा होता. ब्राउझर पडद्यावर चित्रें रेखण्याचें जड काम संगणकांतील एका खास चिपेकडे सोंपवितो, आणि त्या चिपेस चालविणारें सॉफ्टवेअर अपडेटनें बदललें होतें. दोघांचें जुळेना. ब्राउझरच्या सेटिंगमध्यें हार्डवेअर ॲक्सिलरेशन म्हणून एक कळ असते. ती बंद करतांच खिडकी उजळली. पुढें त्या चिपेचें सुधारलेलें सॉफ्टवेअर आलें, तेव्हां कळ पुन्हां चालूं केली. डॉक्टरांची वेळ वायां गेली नाहीं. मोतीबिंदु खरोखरच निघाला.

आतां सांगतों ती गोष्ट हंसण्याची नाहीं. आमच्याच मजल्यावर एक बाई एकट्या राहतात. मी त्यांना वहिनी म्हणतों, त्या मला भाऊजी. त्यांच्या संगणकावर अपडेटनंतर बँकेचें पान उघडे, पण त्यांतील खातेउतारा उघडेना. कारण क्षुल्लक होतें. उतारा स्वतंत्र खिडकींत उघडतो, आणि ब्राउझर अशा आपोआप उघडणाऱ्या खिडक्या अडवीत असतो. अडविल्याची एक चिमुकली खूण पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकास येते, तीवर टिचकी मारून त्या बँकेपुरती परवानगी दिली कीं काम झालें. वहिनींना ती खूण दिसली नाहीं. त्यांनीं शोधयंत्रांत बँकेच्या मदतीचा फोन शोधला, वरच जो आंकडा मिळाला त्यावर फोन केला, आणि पलीकडील गोड बोलणाऱ्या गृहस्थानें सांगितलेलें एक ॲप उतरवून घेतलें. थोड्या वेळानें त्या माझ्या दारांत उभ्या. “भाऊजी, जरा येतां कां? बँकेचा माणूस माझ्या संगणकांत आला आहे, आणि माऊस आपला आपणच हलतो आहे.”

मी धांवत जाऊन इंटरनेटची तार उपटली. तोंवर १९,५०० रुपये गेले होते. त्याच खोलींतून १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदविली. आर्थिक फसवणुकीसाठीं हा क्रमांक देशभर आहे व जितक्या लौकर फोन होईल तितकी रक्कम वाटेंत अडविली जाण्याची शक्यता अधिक. वहिनींची निम्म्याहून कमी रक्कम अडली. पैशापेक्षां त्यांना लागलें तें निराळेंच; पुढें कित्येक महिने त्यांनीं संगणकास हात लावला नाहीं. बँकेचा फोन पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, तोच वापरावा. आणि ‘तुमचा संगणक बिघडला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असें पडद्यावरच लिहून आलें, तर तो लिहिणारा चोर आहे हें नक्की समजावें. ब्राउझरचे खरे इशारे कधीं फोनचा आंकडा देत नाहींत.

कधीं कधीं मात्र अपडेट बुद्ध्याच एखादें दार बंद करतें, आणि तें पुन्हां उघडावयाचें नसतें. आमच्या शाळेंत रक्ताभिसरणाचा एक सुरेख हलता धडा मुलांना मी ब्राउझरवर दाखवीत असें. तो फ्लॅश नांवाच्या साधनानें चाले. फ्लॅशच्या निर्मात्यांनीं त्याची देखभाल ३१ डिसेंबर २०२० रोजीं थांबविली व १२ जानेवारी २०२१ पासून त्यांतील मजकूर चालणेंहि बंद झालें. धडा गेला. चार दिवस मीं सेटिंगें उलथींपालथीं केलीं; व्यर्थ. चोरांना त्या दारांतून शिरकाव मिळत होता म्हणून तें लिंपून टाकलें होतें, आणि त्याची सूचना २०१७ सालींच देण्यांत आली होती. त्याचप्रमाणें विंडोज ७ वरील जुन्या संगणकांवर २०२३ च्या फेब्रुवारीपासून क्रोमची नवी आवृत्ति चढेनाशी झाली. अशा वेळीं खटपट करण्यांत अर्थ नसतो.

जुनीं मराठी पानें उघडलीं असतां अक्षरांऐवजीं रोमन लिपींतला निरर्थक कचरा दिसतो, अशी तक्रार माझ्याकडे येते, तीहि अपडेटच्या माथीं मारली जाते. तीं पानें युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वींचीं असतात. प्रत्येकाचा फाँट निराळा, आणि तो फाँट जुन्या संगणकाबरोबर गेलेला. नव्या यंत्रावर तो पुन्हां बसविला तर अक्षरें बहुधा परत येतात.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल कीं, मग अपडेट नकोच. त्या दिवशीं माझी पत्नीहि असेंच म्हणाली. तिला मीं २०१७ ची हकीकत सांगितली. विंडोजमधील एका छिद्रावरचें ठिगळ मायक्रोसॉफ्टनें त्या वर्षीं १४ मार्चला दिलें होतें. १२ मे रोजीं त्याच छिद्रांतून वॉनाक्राय नांवाचा उपद्रव जगभर पसरला, संगणकांतील फाइलींना कुलपें पडलीं आणि त्या सोडविण्यासाठीं खंडणी मागण्यांत आली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. मध्यें जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनीं ठिगळ लावलें होतें त्यांचीं यंत्रें त्या छिद्रांतून येणाऱ्या उपद्रवापासून बचावलीं. अपडेट घ्यावें, पण महत्त्वाच्या कामाच्या आदल्या रात्रीं घेऊं नये; आधीं दोन आठवडे टाळूं नये, म्हणजे ती वेळ येत नाहीं. विंडोजची संपूर्ण नवी आवृत्ति चढविल्यावर ती मानवली नाहीं, तर साधारणतः दहा दिवसांच्या आंत मागें जाण्याची सोय सेटिंगमध्यें असते. त्यानंतर ती वाट बुजते. हे दहा दिवस दिनदर्शिकेवर मांडून ठेवावे.

माझ्या नोंदीचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. विद्यार्थ्यानें घड्याळ जुळविलें आणि बँकेचें पान उघडलें. दाखल्याची नोंद तेथें होती, तीहि तीन आठवड्यांपूर्वींची. सेल त्यानें दुसऱ्या दिवशीं आणून बसविला. पासवर्ड परत मिळवावयास मला अकरा दिवस लागले; आतां ते मीं एका वहींत लिहून ठेवले आहेत, आणि ती वही संगणकाजवळ ठेवीत नाहीं. सेलाचे पन्नास रुपये तो घेईना. फार आग्रह केला तेव्हां म्हणाला, “गुरुजी, आपण मला एकदां नुसती रीत लिहिल्याबद्दल दोन गुण दिले होते. उत्तर चुकलें होतें.” मला तें आठवत नाहीं. संगणकाच्या पेटीच्या आंतल्या अंगास त्यानें सेल बसविल्याची तारीख लिहून ठेवली आहे: ३० नोव्हेंबर २०२३.